कुंपणानेच शेत खाल्ले

२० मार्च २०२४ चा दिवस. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा त्या वर्षीचा पहिला सामना तिथे खेळला गेला आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने तो ५-२ असा जिंकला. सामन्यानंतर सर्व खेळाडूंना आतल्या खोलीत थांबवून घेण्यात आले. संघाबरोबर असणारा एक दुभाष्या उठून उभा राहिला. आपल्याला जुगाराचे व्यसन आहे, आपल्यावर मोठे कर्ज झाले आहे, उद्या वर्तमानपत्रांतून याविषयी वाचायला मिळेल, असे त्याने सर्वांना सांगितले. तो इंग्रजीत बोलत होता. खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाला त्याचे बोलणे समजले. ज्याला ते सर्वांत आधी समजायला हवे होते, त्यालाच नीट उमगले नाही.

तो होता शोहेई ओतानी, जपानचा लाडका खेळाडू आणि त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या रकमेचा करार केलेला बेसबॉलपटू. त्याला इंग्रजी थोडेफार कळे, पण अशा प्रसंगी पुरेल इतके नाही. आजवर असे काही घडले की त्याच्या कानाशी लागून ते जपानीत सांगणारा माणूस एकच होता, इप्पेई मिझुहारा. आणि त्या रात्री उभा राहून बोलत होता तोच. ओतानीने मागाहून सांगितले की, काहीतरी बिनसले आहे एवढेच त्याला त्या वेळी जाणवले. हॉटेलवर गेल्यावर मिझुहाराने त्याला एकट्याला गाठले. तेव्हा कुठे ओतानीला कळले की, ते कर्ज आपल्याच पैशातून फेडले जात होते. त्याच दिवशी डॉजर्स संघाने मिझुहाराला कामावरून काढून टाकले.

सावलीसारखा सोबती

ओतानीचा जन्म १९९४ चा. उत्तर जपानच्या इवाते प्रांतातला हा मुलगा उत्तम चेंडूफेक करी आणि तितक्याच ताकदीने फटकेही मारी. बेसबॉलमध्ये ही दोन्ही कामे एकाच खेळाडूने वरच्या दर्जावर करणे फार दुर्मीळ. वयाच्या अठराव्या वर्षी तो जपानमधल्या निप्पॉन-हॅम फायटर्स संघात आला. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी खेळाडूंसाठी मिझुहारा दुभाष्याचे काम करीत असे. त्याचा जन्म जपानमधला, पण तो वाढला कॅलिफोर्नियात. त्यामुळे दोन्ही भाषा त्याच्या जिभेवर होत्या.

२०१८ मध्ये ओतानी अमेरिकेत एंजल्स संघाकडून खेळायला गेला, तेव्हा मिझुहाराही बरोबर गेला. कागदोपत्री तो दुभाष्या होता. प्रत्यक्षात तो सारथी होता, सचिव होता, सरावाला चेंडू झेलणारा गडी होता आणि परक्या देशातला जवळचा मित्रही होता. २०२१ च्या डिसेंबरात मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत वाद होऊन साऱ्या लीगमध्ये टाळेबंदी झाली. त्या काळात संघाच्या नोकरांना खेळाडूंशी बोलायची बंदी होती. ओतानीची साथ सुटू नये म्हणून मिझुहाराने संघाची नोकरी सोडली आणि टाळेबंदी उठल्यावर पुन्हा धरली. लोकांनी त्याच्या निष्ठेचे कौतुक केले. याच सुमारास तो ओतानीच्या पैशाला हात घालू लागला होता, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये ओतानीने डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ५,८०० कोटी रुपये होते. त्यातले ६८ कोटी डॉलर त्याने करार संपल्यानंतरच्या वर्षांत घ्यायचे ठरवले, म्हणजे संघाला दुसरे चांगले खेळाडू घेता येतील. अशा माणसाचे मन पैशापेक्षा मैदानावर अधिक होते, हे वेगळे सांगायला नको. नेमके तेच त्याला महागात पडले.

पैसे गेले कसे?

ही बातमी फुटताच बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आला. कोट्यवधी डॉलर खात्यातून जातात आणि मालकाला पत्ता लागत नाही, हे शक्य आहे का? संशयाची सुई ओतानीकडेही वळली. त्यात भर म्हणजे मिझुहाराने आधी एका वृत्तवाहिनीला सांगितले होते की, ओतानीनेच आपले कर्ज फेडले. दुसऱ्या दिवशी त्याने शब्द फिरवला आणि ओतानीला यातले काहीच ठाऊक नव्हते, असे म्हटले. २५ मार्चला ओतानीने पत्रकारांसमोर निवेदन केले. आपण कधीही खेळावर पैज लावली नाही, कोणाला लावायला सांगितली नाही आणि आपल्या खात्यातून पैसे चोरीला गेले आहेत, असे त्याने स्पष्ट सांगितले.

११ एप्रिलला अमेरिकन सरकारी वकिलांनी मिझुहारावर बँकेच्या फसवणुकीचा आरोप ठेवला. त्या कागदपत्रांतून सारा प्रकार उलगडला आणि तो पाहिला की लक्षात येते, यात फार मोठी चलाखी नव्हतीच.

२०१८ मध्ये मिझुहारा ओतानीला ॲरिझोनातल्या एका बँकेत खाते उघडायला घेऊन गेला. बँकेचा कर्मचारी इंग्रजीत बोले, मिझुहारा भाषांतर करी, ओतानी सही करी. संघाकडून मिळणारा पगार याच खात्यात जमा होऊ लागला. पुढे त्या खात्याशी जोडलेला फोन नंबर आणि ईमेलचा पत्ता बदलला गेला. नंबर मिझुहाराचा आणि ईमेलही त्याच्याच ताब्यातला. यापुढे बँकेला काही विचारायचे असेल, तर विचारणा चोराकडेच जाणार होती.

ओतानीला एजंट होता, हिशेबनीस होते, आर्थिक सल्लागार होते. पण त्यांच्यापैकी कोणालाही जपानी येत नव्हते आणि कोणीही त्याच्याशी परस्पर बोलत नव्हते. त्यांनी या खात्याची माहिती मागितली की मिझुहारा सांगे, 'हे खाते खाजगी ठेवायची ओतानीची इच्छा आहे.' सल्लागार मुकाट्याने मागे सरत. मोठ्या माणसाच्या खाजगी गोष्टीत कोण नाक खुपसणार? इकडे ओतानीची समजूत अशी की, आपली सारी खाती सल्लागार पाहतच आहेत. प्रत्येकाला वाटत होते दुसरा पाहतो आहे. पाहत कोणीच नव्हते. त्यातून जाहिरातींची त्याची कमाई पगाराहून कितीतरी मोठी होती आणि ती वेगळ्या खात्यांत येत होती. त्यामुळे पगाराच्या खात्याला ओहोटी लागली, तरी घरात टंचाई अशी जाणवली नाही.

बँकेला शंका आली नव्हती असे नाही. मोठी रक्कम बाहेर जाताना बँकेने व्यवहार अडवला. तेव्हा मिझुहाराने फोनवर स्वतःच ओतानी असल्याची बतावणी केली. ते संभाषण बँकेने ध्वनिमुद्रित केले होते आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी ते न्यायालयापुढे ठेवले. दोन लाख डॉलर पाठवायचे होते. बँकेच्या कर्मचारी बाईंनी नाव विचारले, त्याने ओतानीचे सांगितले. खात्याशी जोडलेल्या फोनवर सहा आकडी संकेतांक पाठवला, त्याने तो वाचून दाखवला. पैसे कशासाठी, असे विचारल्यावर उत्तर आले, मोटारीच्या कर्जासाठी, एका मित्राला. त्या मित्राला प्रत्यक्ष भेटला आहात का? पुष्कळदा. बँकेचे सारे नियम पाळले गेले आणि चोरीही झाली. कारण कुलूप बँकेचे असले, तरी किल्ली केव्हाच पळवलेली होती.

एकोणीस हजार पैजा

पैसे गेले ते बेकायदा सट्ट्यात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांची देशव्यापी बंदी उठवली. त्यानंतर बहुतेक राज्यांनी अशा पैजांना परवानगी दिली, पण कॅलिफोर्नियाने दिली नाही. मिझुहारा तिथल्याच एका चोरट्या बुकीच्या नादी लागला. परवानाधारक ठिकाणी पैज लावायची तर आधी पैसे भरावे लागतात. चोरटा बुकी उधारीवर खेळू देतो. हातात पैसा नसताना पैज लावता येते, हीच त्यातली खरी ओढ आणि हाच खरा फास.

डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात मिझुहाराने सुमारे १९,००० पैजा लावल्या. दिवसाला सरासरी पंचवीस. माणूस झोपेतून उठल्यापासून रात्री पडेपर्यंत दुसरे काही करीत होता का, असा प्रश्न पडावा. एका पैजेची सरासरी रक्कम सुमारे १२,८०० डॉलर, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. सर्वांत मोठी पैज होती १ लाख ६० हजार डॉलरची. जिंकले सुमारे १४ कोटी २२ लाख डॉलर. हरले सुमारे १८ कोटी २९ लाख डॉलर. निव्वळ खोट ४ कोटी डॉलरहून अधिक. बेसबॉलवर मात्र त्याने एकही पैज लावल्याचे तपासात आढळले नाही.

या आकड्यांत जिंकल्याचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. जुगारी नेहमी हरत नाही. तो पुष्कळदा जिंकतो, म्हणूनच तो उठत नाही. पुढच्या डावात सारे भरून निघेल, ही आशा त्याला खुर्चीला खिळवून ठेवते. मिझुहारा बुकीकडे पुन्हा पुन्हा उधारीची मर्यादा वाढवून मागे, ही शेवटची खेप असे सांगे आणि काही दिवसांनी पुन्हा मागे. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. जिंकलेला पैसा ओतानीच्या खात्यात कधीच परत आला नाही, हेही तपासात उघड झाले. हार मालकाची आणि जीत नोकराची, असा हा खेळ होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मिझुहारा बुकीचे फोन टाळू लागला. तेव्हा बुकीने त्याला निरोप धाडला की, ओतानी समोर कुत्र्याला फिरवताना दिसतो आहे. तू उत्तर देत नाहीस, तर तू कुठे भेटशील हे मी जाऊन त्यालाच विचारतो. शब्द साधेच, पण त्यातली धमकी उघड होती. आपल्या कुत्र्याबरोबर फिरायला निघालेल्या ओतानीला, चार पावलांवर कोण उभे आहे याची कल्पनाही नव्हती.

पैशाला एकदा वाट फुटली की ती एकच राहत नाही. २०२४ च्या आरंभी मिझुहाराने याच खात्यातून सुमारे सव्वातीन लाख डॉलरची बेसबॉलची कार्डे विकत घेतली. मुलांनी जमवावीत तशी ही खेळाडूंची छायाचित्रे असतात, पण दुर्मीळ कार्डांना मोठी किंमत येते. दातांच्या उपचारासाठी लागणारे ६०,००० डॉलर ओतानीने त्याला स्वखुशीने चेकने दिले होते. तो चेक मिझुहाराने स्वतःच्या खात्यात भरला आणि दंतवैद्याचे बिल ओतानीच्याच खात्यातून चुकवले. जो मागितले असते तर देत होता, त्याचेच चोरले.

न्याय आणि निकाल

४ जून २०२४ रोजी मिझुहाराने गुन्हा कबूल केला. बँकेच्या फसवणुकीबरोबर दुसरा गुन्हा होता खोट्या कर विवरणपत्राचा. चोरीच्या पैशावरही कर भरावा लागतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण अमेरिकेच्या कायद्यात बेकायदा मिळकतही मिळकतच आहे. मिझुहाराने २०२२ सालची ४१ लाख डॉलरची मिळकत दडवली होती.

६ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायाधीश जॉन होल्कॉम्ब यांनी त्याला ५७ महिन्यांची, म्हणजे पावणेपाच वर्षांची कैद सुनावली. ओतानीला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर परत करावेत आणि कर खात्याला साडेअकरा लाख डॉलर भरावेत, असाही हुकूम झाला. शिक्षेपूर्वी मिझुहाराने न्यायाधीशांना पत्र लिहून दयेची याचना केली होती. रात्रंदिवस राबूनही मोबदला अपुरा होता, असा त्याचा सूर होता. सरकारी वकिलांनी त्यातले दावे खोडून काढले आणि न्यायाधीशांनाही ते पत्र पटले नाही. २०२५ च्या जूनमध्ये तो तुरुंगात दाखल झाला. बुकीलाही ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षभराहून किंचित जास्त कैदेची शिक्षा झाली.

ओतानीने आपला फोन तपासणाऱ्यांच्या हाती दिला होता. त्यात सट्ट्याशी त्याचा संबंध दाखवणारे काहीही निघाले नाही. मिझुहाराच्या कबुलीनंतर मेजर लीगनेही ओतानीला फसवणुकीचा बळी ठरवून चौकशी बंद केली. हे महत्त्वाचे होते, कारण बेसबॉलमध्ये आपल्या संघाच्या सामन्यावर पैज लावणाऱ्याला कायमची बंदी आहे. पीट रोझसारखा विक्रमवीर १९८९ मध्ये याच कारणाने बाहेर फेकला गेला आणि २०२४ मध्ये मरेपर्यंत त्याला परत येता आले नाही. दुभाष्याच्या सट्ट्याचा डाग ओतानीच्या अंगाला चिकटला असता, तर सारी कारकीर्द धुळीला मिळाली असती.

त्याच हंगामात ओतानीने ५४ होम रन मारले आणि ५९ बेस चोरले. एका हंगामात दोन्ही आकडे पन्नाशीपार नेणारा तो पहिला खेळाडू. डॉजर्सने अजिंक्यपद मिळवले. मनावर एवढा घाव असताना तो खेळला कसा, याचे उत्तर त्याचे त्यालाच ठाऊक.

घरोघरीचा प्रश्न

बेसबॉल आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण सट्टा आपल्याला परका नाही. २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचे बुकीशी झालेले बोलणे उघड केले, तेव्हा क्रिकेटवेड्या घराघरांतून हळहळ व्यक्त झाली. २०१३ मध्ये आयपीएलच्या सामन्यांवरून पुन्हा तोच चिखल उडाला. त्यानंतर सट्टा बुकीच्या कोपऱ्यातून उठून खिशातल्या मोबाइलमध्ये आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कायदा दुकान बंद करू शकतो, पण तल्लफ घरीच ओळखावी लागते. फोन पालथा ठेवणे, रात्री-अपरात्री आकडे पाहत बसणे, हातउसने मागणे, एक कर्ज फेडायला दुसरे काढणे, ही तिची चिन्हे. वैद्यकशास्त्र जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. तेव्हा नुसत्या शिव्याशापांनी भागत नाही, उपचार लागतात. मानसिक आरोग्यासाठी सरकारचा १४४१६ हा टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे.

या प्रकरणातला दुसरा धागा मात्र त्याहून जवळचा आहे. ओतानीपाशी पैसा होता, नाव होते, सल्लागार होते. नव्हती ती एकच गोष्ट, त्या देशाची भाषा. ती त्याने एका माणसाकडून उसनी घेतली होती आणि भाषेबरोबर आपले सारे व्यवहारही त्याच्या हाती गेले. आपल्या घरांतूनही असे ओतानी आहेत. बँकेचे इंग्रजी संदेश न वाचता येणारी आजी. निवृत्तीनंतर मोबाइलवरचे व्यवहार 'तूच बघ रे' म्हणून पुतण्याकडे सोपवणारे काका. नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करणारी शिकलेली सूनही. यांच्या आसपासची माणसे बहुधा चांगलीच असतात. मिझुहाराही पहिली काही वर्षे चांगलाच होता.

म्हणून काही साधे रिवाज घरात असावेत. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक खातेदाराचाच असावा. आलेला संकेतांक घरच्यांनाही सांगण्यापूर्वी तो कशासाठी आला हे विचारावे. एकाच माणसाच्या हाती व्यवहारही आणि हिशेबही, असे ठेवू नये. महिन्यातून एकदा खात्याचा उतारा काढून ज्याचे खाते त्याच्यासमोर, त्याच्या भाषेत वाचावा आणि त्या वेळी घरातले आणखी एक माणूस हजर असावे. फसवणूक झालीच, तर सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

यात अविश्वास दाखवल्यासारखे होईल, अशी भीती अनेकांना वाटते. ओतानीच्या सल्लागारांनाही तसेच वाटले असावे. त्यांच्यापैकी एकाने जरी जपानी जाणणारा दुसरा माणूस शोधून 'हे खाते आम्ही पाहू नये, असे तुम्हीच सांगितले आहे का?' एवढे एक वाक्य ओतानीला विचारले असते, तर चोरी पहिल्या वर्षातच थांबली असती. आणि कदाचित मिझुहाराही पावणेपाच वर्षांच्या कैदेपर्यंत पोहोचला नसता. हिशेब वेळेवर विचारला, तर पैसा वाचतोच, पण घसरू लागलेला माणूसही सावरू शकतो.